गाडीत राहणारी माणसं: बे एरियातल्या मराठी मंडळींकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीच्या आरतीनंतर, मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये, व्हॉट्सॲप ग्रुपवर हा विषय निघतोच. रस्त्याकडेला आरव्हींची (आत राहायची सोय असलेल्या मोठ्या गाड्यांची) रांग वाढली की कुणीतरी फोटो टाकतं आणि प्रश्न सुरू होतात. इथल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीभोवतालच्या बे एरियातल्या, एका चर्चच्या आवारात रात्री गाडीत झोपणाऱ्यांना जागा दिली जाते. तिथे मी स्वयंसेवक म्हणून काम करते, त्यामुळे बरेच प्रश्न माझ्याकडे येतात. उत्तरं मुख्यतः कॅलिफोर्नियापुरती आहेत. नियम शहरागणिक बदलतात, तेव्हा आपल्या शहराचे नियम नक्की पाहून घ्या.

त्या आरव्हींमध्ये नेमकं कोण राहतं?

तुमच्या ऑफिसची सफाई करणारे, बांधकामावर जाणारे, सिक्युरिटी गार्ड, म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या बायका, डिलिव्हरीवाले, आणि सोशल सिक्युरिटीच्या पेन्शनवर भागवणारे वयस्कर लोक. काही ठिकाणी अख्खं कुटुंब असतं, शाळेत जाणाऱ्या मुलांसकट.

वयाची गोष्ट ऐकून अनेकांना धक्का बसतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने (यूसीएसएफने) २०२३ साली राज्यातल्या बेघर लोकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. एकट्या राहणाऱ्या प्रौढ बेघरांपैकी जवळपास निम्मे पन्नाशीच्या पुढचे निघाले. त्यातल्याही ४१ टक्के लोकांवर बेघर व्हायची पहिली वेळ पन्नाशीनंतर आली होती. म्हणजे आयुष्यभर भाडं भरलं आणि उतारवयात छप्पर गेलं. जोडीदार वारला, दुखणं आलं, घरमालकाने इमारत विकली, एवढं पुरतं.

आणखी एक. आरव्ही ठळक दिसते म्हणून आपण तिच्याबद्दल बोलतो. साध्या कोरोला किंवा मिनीव्हॅनमध्ये झोपणारे आपल्याला दिसतच नाहीत. काचांना आतून चंदेरी सनशेड, मागच्या सीटवर घडी घातलेली रजई, हँगरवर उद्याचा युनिफॉर्म. पहाटे जिममध्ये आंघोळ करून माणूस कामावर हजर. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यालाही पत्ता नसतो.

अमेरिकेत बेघर लोक आहेत तरी किती?

जानेवारी २०२४ मधल्या एका रात्रीच्या सरकारी मोजणीत ७,७१,४८० लोक बेघर आढळले. आदल्या वर्षीपेक्षा ही संख्या १८ टक्क्यांनी जास्त होती. त्यातले सुमारे १ लाख ८७ हजार एकट्या कॅलिफोर्नियातले. अशी मोजणी करणारे लोक टॉर्च घेऊन रस्त्यारस्त्यावर फिरतात. सनशेड लावून गप्प झोपलेला माणूस त्यांच्या नजरेतून सहज सुटतो, हे लक्षात ठेवून हा आकडा वाचायचा.

धडधाकट दिसतात. मग काम का करत नाहीत?

बरेचसे करतात. हिशोब मांडून बघा. २०२५ साली कॅलिफोर्नियाचं किमान वेतन तासाला साडेसोळा डॉलर होतं. आठवड्याला चाळीस तास, एकही खाडा न करता, तर महिन्याला कर कापण्याआधी २,८६० डॉलर. काही शहरांचं स्वतःचं किमान वेतन याहून थोडं जास्त आहे. पण साऊथ बेमध्ये एका बेडरूमचं अपार्टमेंट अडीच-तीन हजारांच्या घरात जातं. शिवाय भाड्याच्या अडीच-तीन पट उत्पन्न दाखवा, क्रेडिट स्कोअर दाखवा, पहिलं भाडं आणि डिपॉझिट एकदम भरा. पूर्वी कधी घर खाली करायची कोर्टाची नोटीस नावावर लागली असेल, तर अर्ज बाजूलाच पडतो.

यूसीएसएफच्या अभ्यासात बेघर होण्याआधीच्या सहा महिन्यांतलं घरटी मासिक उत्पन्न विचारलं होतं. मधला आकडा (निम्म्यांचं याहून कमी, निम्म्यांचं जास्त) आला ९६० डॉलर. घर सोडावं लागणार हे कळल्यापासून प्रत्यक्ष बाहेर पडेपर्यंत, स्वतःच्या नावावर भाडेकरार असलेल्यांना मिळालेल्या वेळेचा मधला आकडा दहा दिवस. नातेवाइकांकडे किंवा मित्रांकडे राहणाऱ्यांना एक दिवस. एका दिवसात माणूस काय उभं करणार? जी वस्तू आपली आहे आणि जिला कुलूप लागतं, तिच्यात जाऊन झोपतो. ती वस्तू म्हणजे गाडी.

पण खरं कारण नशा आणि मानसिक आजार हेच ना?

व्यसन आहे, आजारही आहेत, ते झाकायचं कारण नाही. पण तेवढ्याने बे एरियातली ही गर्दी समजत नाही. वेस्ट व्हर्जिनियात ड्रगच्या ओव्हरडोसने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण अनेक वर्षं देशात सगळ्यात वरच्या पातळीवर राहिलं, तरी तिथे बेघरांचं प्रमाण कॅलिफोर्नियाच्या कितीतरी खाली आहे. कारण तिथे व्यसनी माणसालाही परवडेल असं भाडं मिळतं. इथे निर्व्यसनी माणसालाही मिळत नाही.

आणि कुठलं आधी, कुठलं नंतर, हेही बघायला हवं. महिनोन्महिने ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या-बसल्या झोपल्यावर पाय सुजतात, पाठ धरते. झोप तुकड्यातुकड्यांत, कारण काचेवर कधी टकटक होईल याची धास्ती. मधुमेहाचं इन्सुलिन थंड ठेवायला फ्रीज नाही. अशा अवस्थेत कुणाचं मन ताळ्यावर राहील? मी तर म्हणेन की यातून बहुतेक जण इतके सावरलेले असतात याचंच मला आश्चर्य वाटतं.

हे लोक दुसऱ्या राज्यांतून, इथली हवा आणि सोयी बघून येतात असं ऐकलंय.

त्याच अभ्यासात दहापैकी नऊ जणांचं शेवटचं घर कॅलिफोर्नियातच होतं, आणि चारपैकी तिघे ज्या कौंटीत (म्हणजे जिल्ह्यात) घर गेलं त्याच कौंटीत राहत होते. म्हणजे आपलेच शेजारी. आपल्यापैकी बहुतेक जण इथे यायच्या कितीतरी आधीपासून इथे असलेले.

मग शेल्टरमध्ये (बेघरांसाठीच्या निवाऱ्यात) का जात नाहीत?

पहिलं उत्तर, जागा नसते. जिथे असते तिथे अनेकदा नवरा-बायकोला वेगळं राहावं लागतं, कुत्र्याला मनाई असते, ठरलेल्या वेळेच्या आत यावं लागतं. रात्रपाळी करणाऱ्या बाईने काय करायचं? सामान एका पिशवीपुरतं. आणि गाडी रस्त्यावर सोडली तर ती उचलली जाण्याची भीती. गाडीला दार आहे, कुलूप आहे, त्यात तुमची कागदपत्रं आणि अवजारं आहेत. हे सगळं सोडून चाळीस अनोळखी माणसांच्या हॉलमध्ये एका खाटेवर जायचं, तेही काही दिवसांपुरतं. हा निर्णय तुम्हाआम्हालाही सोपा गेला नसता.

गाडीत झोपणं बेकायदेशीर आहे का?

शहरावर अवलंबून आहे, आणि गेली दहा-बारा वर्षं हा झगडा कोर्टात चालू आहे. लॉस एंजेलिसमध्ये १९८३ पासून गाडीत राहण्यावर बंदी होती. २०१४ साली नवव्या सर्किटच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या, केंद्रीय अपील कोर्टाने ती रद्द केली. नियम इतका मोघम होता की पावसापासून सामान वाचवायला गाडीत ठेवणारा माणूसही गुन्हेगार ठरू शकत होता. याचे पडसाद आपल्याकडेही उमटले. पालो आल्टोने २०१३ साली केलेली तसलीच बंदी २०१४ च्या अखेरीस मागे घेतली. पण लॉस एंजेलिसने नंतर नवा नियम आणला: शाळा-बागांजवळ कधीही नाही, आणि राहत्या वस्तीत रात्री नाही.

माउंटन व्ह्यूने वेगळी वाट धरली. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या मतदारांनी 'मेझर सी' हा मतदानाला ठेवलेला प्रस्ताव मंजूर केला. अरुंद रस्त्यांवर मोठी वाहनं उभी करायची नाहीत, एवढंच त्यात म्हटलंय. पण चाळीस फुटांपर्यंतचा रस्ता अरुंद धरल्यामुळे शहरातले बहुतेक रस्ते त्यात आले. सॅन फ्रान्सिस्कोने २०२५ च्या जुलैमध्ये आरव्हींना शहरभर दोन तासांची मर्यादा घातली. आधीपासून राहत असलेल्यांसाठी तात्पुरते परवाने ठेवले.

सगळ्यात मोठा निकाल २८ जून २०२४ चा. ओरेगनमधल्या ग्रँट्स पास या छोट्या शहराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की, शेल्टरमध्ये जागा असो वा नसो, उघड्यावर झोपणाऱ्याला दंड करणं ही क्रूर शिक्षा ठरत नाही. २०१८ पासून पश्चिमेकडच्या राज्यांत बेघरांना जे थोडं संरक्षण होतं, ते त्या दिवशी गेलं. न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी विरोधी मतात लिहिलं की झोप ही शरीराची गरज आहे, गुन्हा नाही. महिन्याभरात गव्हर्नर न्यूसम यांनी राज्याच्या जागांवरचे तंबू हटवायचा आदेश काढला.

म्हणून आज कुणी विचारलं की चालतं का, तर उत्तर असतं: कुठल्या रस्त्यावर, किती वाजता, गाडी केवढी आणि समोरचा पोलीस कोण. इतक्या अनिश्चिततेत रोज रात्री झोपायची जागा शोधायची.

गाडी टो केली तर काय होतं?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

अनेक शहरांत गाडी एकाच जागी ७२ तासांहून जास्त उभी राहिली तर उचलता येते. पार्किंगच्या दंडाची पाच तिकिटं थकली तरी (यावर कोर्टाने घातलेली मर्यादा पुढे येते), रजिस्ट्रेशन सहा महिन्यांपेक्षा जास्त संपलेलं असलं तरी. टोचा खर्च शेकड्यांत, वर उचललेली गाडी ठेवतात त्या यार्डात प्रत्येक दिवसाचं भाडं. नोकरदार माणूस वैतागून कार्ड स्वाइप करतो आणि गाडी आणतो. गाडीत राहणाऱ्याचं त्या एका तासात घर जातं, कपडे जातात, औषधं जातात, कामावर जायचं साधन जातं. आठवडाभरात पैसे उभे राहिले नाहीत तर यार्डाचं बिल गाडीच्या किमतीपेक्षा वर जाऊ शकतं आणि शेवटी गाडी लिलावात निघते. मग तंबू. तंबूत गेलेल्या माणसाला परत घरापर्यंत आणणं किती कठीण असतं, हे मदत संस्थांमधल्या केस मॅनेजरना विचारा.

सिएटलमध्ये २०१६ साली एका कामगाराचा ट्रक असाच उचलला. तो त्यात राहायचा, कामाची अवजारंही त्यातच होती. रात्रीचं काम संपवून आला तर ट्रक जागेवर नाही. तो उघड्यावर झोपला. ट्रक परत मिळवायला ५४७ डॉलर, महिन्याला पन्नासच्या हप्त्याने. २०२१ साली वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की तो ट्रक कायद्याच्या दृष्टीने त्याचं घरच होतं, आणि त्याची ऐपत पाहता एवढी वसुली म्हणजे घटनेने मनाई केलेला अवाजवी दंड. कॅलिफोर्नियातही २०२३ साली अपील कोर्टाने सॅन फ्रान्सिस्कोला सांगितलं की कुणाला अडथळा न करता नीट उभी असलेली गाडी निव्वळ थकलेल्या तिकिटांसाठी वॉरंटशिवाय उचलता येणार नाही.

म्हणून गाडीची तक्रार करायला फोन उचलण्याआधी विचार करा एवढीच विनंती. आपल्यासाठी ती एक तक्रार असते. पलीकडे एका माणसाचं राहतं घर जातं.

'सेफ पार्किंग' म्हणजे काय?

रात्री गाडी उभी करून निर्धास्त झोपता येईल अशी परवानगीची जागा. २००४ साली सांता बार्बरात 'न्यू बिगिनिंग्ज' या संस्थेने हे सुरू केलं, नंतर सॅन दिएगो, लॉस एंजेलिस आणि आपल्या भागात ते पसरलं. लाँग बीच सिटी कॉलेजने २०२१ मध्ये गाडीत झोपणाऱ्या स्वतःच्या विद्यार्थ्यांसाठी कॉलेजचं पार्किंग उघडलं. एवढ्यावरून गरज कुठपर्यंत पोचलीय ते कळेल.

आमच्याकडे संध्याकाळी गाड्या यायला लागतात. यादीत नाव पाहायचं, ठरलेल्या जागेवर लावायचं. कोपऱ्यात फिरतं टॉयलेट आणि हात धुवायचं बेसिन. शेजारच्या हॉलमध्ये मायक्रोवेव्ह आणि चार्जिंगचे प्लग. सगळ्यात आधी गर्दी त्या प्लगांपाशी होते, कारण दुसऱ्या दिवसाची शिफ्ट फोनवरच कळते. थंडीत दोन माणसांच्या श्वासाने काचा आतून ओल्या होतात, म्हणून बोटभर काच उघडी ठेवायची हे नव्या माणसाला जुनी माणसं शिकवतात. हीटरसाठी रात्रभर इंजिन चालू ठेवायचं नाही. पेट्रोल परवडत नाही आणि विषारी वायूचा धोका असतो. सकाळी ठरलेल्या वेळी आवार मोकळं.

अडचणी आहेत. गाडी चालू हवी, रजिस्ट्रेशन आणि विमा हवा, आणि नेमकं तेच अनेकांचं लटकलेलं असतं. पुष्कळ ठिकाणी आरव्ही घेत नाहीत. काही आरव्ही तर राहणाऱ्याच्या मालकीच्याही नसतात, महिन्याच्या भाड्यावर घेतलेल्या असतात. दिवसा कुठे जायचं हा प्रश्न उरतोच. तरीही ज्या रात्री माणूस सलग सहा तास झोपतो, त्या सकाळी तो फॉर्म भरायला बसू शकतो. मी हे डोळ्यांनी पाहिलंय, आणि म्हणून या उपक्रमावर माझा भरवसा आहे.

आमच्या मुलाच्या वर्गात गाडीत राहणारं मूल असेल तर?

असू शकतं, आणि तुम्हाला कळणार नाही. कळायची गरजही नाही. १९८७ च्या मॅकिनी-व्हेंटो कायद्याखाली गाडीत राहणारं मूल बेघर विद्यार्थी धरलं जातं. पत्त्याचा पुरावा किंवा जुने दाखले नसले तरी शाळेने त्याला लगेच प्रवेश द्यायचा असतो. घर गेल्यामुळे दुसऱ्या हद्दीत जावं लागलं तरी जुनी शाळा चालू ठेवायचा हक्क आहे, येण्याजाण्याची सोयही शाळेच्या डिस्ट्रिक्टने करायची. प्रत्येक डिस्ट्रिक्टमध्ये यासाठी एक नेमलेली व्यक्ती असते.

आईबाप मात्र सांगायला घाबरतात. मुलं काढून घेतील ही धास्ती असते. तुमच्या कानावर आलंच तर चारचौघांत बोलू नका. वाढदिवसाला बोलवा, पण "आता तुमच्या घरी कधी?" असं विचारू नका.

मुंबईत तर कितीतरी लोक फुटपाथवर राहतात. इथे त्याचं एवढं काय?

हा प्रश्न नेहमी येतो आणि मला तो अस्वस्थ करतो. तिथे बघून बघून आपली नजर मेली, हे इथेही नजर वळवायचं कारण कसं होऊ शकतं? २०११ च्या जनगणनेत भारतात १७ लाखांहून जास्त माणसं बेघर नोंदली गेली. उड्डाणपुलाखाली, पाइपांत, प्लॅटफॉर्मवर. मुंबईत टॅक्सीच्या मागच्या सीटवर झोपणारे चालकही आपण लहानपणापासून बघतोय.

कायद्याच्या अंगाने दोन्हीकडची तुलना करण्यासारखी आहे. १९८१ च्या पावसाळ्यात मुंबईतल्या फुटपाथवरच्या झोपड्या हटवायची मोहीम निघाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १९८५ च्या ओल्गा टेलिस निकालात मुख्य न्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी लिहिलं की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. फुटपाथवर राहणारा माणूस तिथे राहतो कारण त्याचं काम जवळ आहे. कोर्टाने झोपड्या वाचवल्या नाहीत, महापालिकेला त्या हटवायची मुभा राहिलीच, पण नोटीस हवी आणि त्या वर्षीचा पावसाळा सरेपर्यंत हात लावायचा नाही असं बजावलं. माउंटन व्ह्यूच्या आरव्हीतला सुतारही कामाजवळ राहायला म्हणूनच तिथे आहे. दोन तासांवरच्या ट्रेसीत किंवा मोडेस्टोत भाडं कमी आहे, पण रोजचं काम इथे आहे.

आपणही परदेशातून रिकाम्या हाताने आलो, कष्टाने उभे राहिलो. त्यांना का जमत नाही?

आपले कष्ट खरे आहेत. पण आपण रिकाम्या हाताने आलो का, हे जरा तपासू. बहुतेकांचे पहिले काही आठवडे कुणातरी सिनियरच्या हॉलमधल्या सोफ्यावर गेले. कुणी बँकेत नेलं, कुणी जामीन राहिलं, कुणी क्रेडिट नसताना आपल्या नावावर फोन काढून दिला. हातात डिग्री होती, ती आईबापांनी पोटाला चिमटा काढून दिलेली. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी गेली की साठ दिवसांत नवी शोधा नाहीतर देश सोडा, ही टांगती तलवार आपल्या घराघरांत माहीत आहे. त्या साठ दिवसांत आपल्याला सोफा देणारी माणसं असतात, आणि शेवटी गावाकडे एक दार उघडं असतं. ज्याला असं एकही दार नाही, तो गाडीत झोपतो.

घरासमोर आरव्ही उभी राहिली. भीती वाटते. काय करू?

भीती वाटणं समजू शकते, विशेषतः घरात लहान मुलं असतील तर. दिवसाउजेडी जाऊन "हॅलो" म्हणा. नाव विचारा. निम्मी भीती तिथेच उतरते. कचरा साचत असेल तर आपल्या डब्यात टाकायला सांगा. सांडपाणी गटारात सोडलं जात असेल तर ती खरी आरोग्याची अडचण आहे, ती सहन करा असं मी म्हणणार नाही. पण शहराकडे तक्रार करताना टो करा असं न म्हणता टाकी रिकामी करायची सोय द्या असं मागा. काही शहरांत फिरती गाडी येऊन ते काम करते. मारामारी, धमकी, आग असेल तर ९११ आहेच. मदतीची गरज दिसली तर २११ वर फोन करा, तिथे घर, अन्न, आरोग्य यांची स्थानिक माहिती मिळते.

काय द्यावं?

विचारून द्या. जेवण बरेच जण आणतात. कमी पडतात ती पेट्रोलची गिफ्ट कार्डं, लाँड्रीसाठी क्वार्टर, पॉवर बँक, मोजे, सॅनिटरी पॅड. गाडीत फ्रीज नसतो, तेव्हा डबाभर पुलावापेक्षा एका वेळचंच ताजं द्या. रजिस्ट्रेशन किंवा दुरुस्तीचा खर्च उचलणाऱ्या स्थानिक संस्थेला पैसे दिले तर एका गाडीचं टोइंग टळू शकतं. जुने कपडे पुरेत, ठेवायला जागा नसते.

सिटी काउन्सिलच्या मीटिंगमध्ये मी काय बोलू? 

जरूर जा, कारण तिथे बोलणारे बहुतेक विरोध करायलाच आलेले असतात. दोन-तीन मिनिटं मिळतात, व्हिसावर असलात तरी बोलता येतं, नाहीतर ईमेल पाठवा. ह्यूस्टनने २०११ पासून हजारो लोकांना थेट घरात नेलं आणि बेघरांची संख्या निम्म्याहून खाली आणली, कारण तिथे घरं बांधणं सोपं आहे आणि शहर, कौंटी, संस्था एका यादीवर काम करतात. आपल्याकडे परवडणाऱ्या घरांचा प्रत्येक प्रकल्प ट्रॅफिक, सावली, शाळेतली गर्दी अशा हरकतींत वर्षानुवर्षं अडकतो. त्या हरकतींवर मराठी आडनावंही मी वाचली आहेत, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

म्हणून मुद्द्याचं मागा. तुमच्या भागातल्या परवडणाऱ्या घरांच्या प्रकल्पाला नाव घेऊन पाठिंबा द्या. सेफ पार्किंगमध्ये आरव्हींनाही जागा मागा आणि ती चोवीस तास उघडी ठेवायला सांगा. राहत्या गाडीला टो करण्याआधी लेखी नोटीस आणि पर्यायी जागा द्यायचा नियम मागा. अजेंडा मीटिंगच्या काही दिवस आधी शहराच्या वेबसाइटवर लागतो. आपला विषय कितव्या क्रमांकावर आहे ते पाहून जा, बोलण्यासाठी नाव नोंदवा, आणि शक्य असेल तर रात्रपाळी नसलेल्या एखाद्या गाडीतल्या शेजाऱ्याला सोबत न्या, म्हणजे त्याला स्वतःचं म्हणणं स्वतः मांडता येईल.